न दुखणाऱ्या गुडघ्याची पट्टी

रविवार, १८ जानेवारी. संध्याकाळ.

आज कॉलेजच्या कबड्डी चषकाची फायनल होती आणि मी धडधाकट गुडघ्याला क्रेप पट्टी बांधून बाहेर बसलो. बुधवारी पोलीस भरतीचं ग्राउंड आहे, धावणं, गोळाफेक सगळं. पाय मोडून घ्यायचा कशाला? चांगला खेळणारा आता या चषकाला उतरतो कुठं? निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. मग लाज मला एकट्यालाच का वाटावी?

पण उस्मानचाचा आले होते. हाडं बसवणारे. दर वर्षी जळकोटहून तेलाची बाटली घेऊन येतात आणि मैदानाच्या कडेला बसतात, कुणाला लागलं तर असावं म्हणून. माझी पट्टी दिसली तसे उठलेच.

"बघू रे बेटा."

मी नको म्हणायच्या आत त्यांनी पट्टी सोडली. बोटं गुडघ्याच्या वाटीवरून फिरली आणि थांबली. त्यांना कळलं. त्यांना नाही कळणार तर कुणाला?

आमचे सर शेजारीच उभे होते. "चाचा, लई लागलंय का?"

"व्हय. खेळवू नका ह्याला."

ऐंशीच्या घरातला माणूस माझ्यापायी खोटं बोलला. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. खाली वाकून पट्टी परत बांधली, मी बांधली होती त्याहून नीट. तेलाची बाटली मात्र उघडली नाही.

आम्ही हरलो. घरी येऊन तास झाला, पट्टी अजून पायालाच आहे. सोडायला हात धजत नाही. गाठ चाचांच्या हातची आहे.