रोजची दहा पानं

बुधवार, ४ सप्टेंबर

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी बाबांच्या सरावाला रोज वीस पानं लागतात असं लिहिलं होतं. ते चूक आहे. दहाच लागतात.

झेरॉक्सवाल्याच्या चिठ्ठीवर वीसचा आकडा असतो, म्हणून मी डोळे मिटून वीस लिहिले. काल कपाटात कोरा कागद शोधत होते, तर खालच्या खणात बाबांच्या पानांचा गठ्ठाच निघाला. एकावरही खूण नाही, घडी नाही. मग डोक्यात प्रकाश पडला. मी प्रत्येक पानाच्या दोन प्रती काढत होते, एक कामाला आणि एक फायलीला! बाबांनी एकतीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली. आपल्या घरात सामानाच्या यादीचीसुद्धा फायलीची प्रत राहायची. मला कुणी सांगितलं नव्हतं, हात आपोआप दोनदा चालला. आईला गठ्ठा दाखवला, तर ती म्हणाली की जपून ठेव हो, पुढेमागे प्रदर्शन भरवू.

बाकी लिहिलं होतं ते खरं आहे. झटका आल्यापासून बाबांची वाचा गेली ती हळूहळू परत येते आहे. स्पीच थेरपीच्या बाई म्हणतात, रोज नवी पानं हवीत. अंगठ्याएवढं अक्षर, शेजारी चित्र, आणि एकही दिवस खाडा नको. मागे चार दिवस आमच्याकडून खाडा झाला, तेव्हा आलेले तीन शब्द पुन्हा गेले. सध्या सात शब्द आहेत. मी रोज मोजते.

झेरॉक्सवाला शनिवारी, २१ तारखेला दुकान कायमचं बंद करतो आहे. दुसरं दुकान दोन बस बदलून, आणि तेही लहरीवर उघडणारं. म्हणून त्याआधी घरात प्रिंटर यायलाच हवा. तुम्ही आयुष्यभर ऑफिसातली यंत्रं दुरुस्त केलीत, म्हणून तुम्हालाच विचारते आहे. सगळ्यात स्वस्त, कार्ट्रिजवाला घेतला तर चालेल का? खोक्यावर लिहिलंय की एका कार्ट्रिजमध्ये तीनशे पानं निघतात.

माझ्या वीसच्या आकड्यावर तुम्ही अजून काही ठरवलं नसेल अशी आशा आहे. तुमच्या मनात माझी जागा आहे तेवढी राहू द्या.

तुमची भाची


रविवार, ८ सप्टेंबर

चि. खोडरबरास,
अ. उ. आ.

तुझी दुरुस्ती पोचली, पण दोन दिवस उशिरा. वीस पानं वाचून मी तडक एका ऑफिसात गेलो. ते लोक त्यांचा लेझर प्रिंटर भंगारात काढत होते. मी त्यांना म्हटलं, तो माझ्या भावजींसाठी बाजूला ठेवा. आता तो माझ्या टेबलावर बसलाय, म्हशीएवढा. तुझी मामी म्हणते, एक तर हा राहील नाही तर मी. तेव्हा वीस असोत की दहा, तो तुमच्याकडे येणार. फुकट आहे, नुसतं काळंच छापतो, पण अक्षर चाकूसारखं धारदार आहे, आणखी काय पाहिजे?

कार्ट्रिजवाल्याचं नाव काढू नकोस. तो खोक्याच्या किमतीत स्वस्त असतो आणि पुढे जन्मभर वसूल करतो. प्रिंटर घेताना तो किती खातो ते बघायचं. आणि खोक्यावरचा तीनशेचा आकडा खरा असला, तरी तुझ्यासाठी नाही. कंपनी बारीक अक्षराचं विरळ पान धरून मोजते, शंभर घरांचा कागद समज, त्यातली पाच घरं काळी. अंगठ्याएवढ्या अक्षराला किती शाई लागेल ते तूच बघ.

हल्ली टाकीवाले प्रिंटरही मिळतात. बाटलीतून शाई ओतायची. पानामागे खर्च सगळ्यात कमी, पण खोकं महाग, आणि महिनाभर बंद राहिला तर नळ्या सुकून बसतात. तुझं रोजचं काम आहे, त्यामुळे ती भीती तुला नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पण माझी म्हैस फुकट आहे हे विसरू नकोस.

फोन करू नकोस. यंत्रांच्या खडखडाटानं माझे कान कामातून गेलेत, आणि तू फोनवर दर वाक्याला माफी मागतेस. ताईला म्हणावं, प्रदर्शनाला मी येईन. भावजींच्या आठव्या शब्दाची वाट बघतोय.

मामा


गुरुवार, १२ सप्टेंबर

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितलं तसं बघितलं. बाबांचं एक पान आलेखाच्या कागदावर ठेवलं, खिडकीच्या काचेला धरलं आणि काळी घरं मोजली. तीनदा मोजली, कारण पहिल्यांदा चौदा आली आणि दुसऱ्यांदा सोळा. शंभरात पंधरा धरते. म्हणजे कंपनीच्या पानाच्या तिप्पट शाई. तीनशे पानांची कार्ट्रिज माझ्याकडे शंभरातच संपेल, दहाव्या दिवशी. टाकीवाल्याची काळी बाटली साडेचार हजार पानांची सांगतात, ती दीड हजार पानं तरी देईल, म्हणजे पाच महिने. चित्रांच्या रंगांचा हिशेब मला नीट जमलेला नाही, तो धरलेला नाही हेही सांगून टाकते.

फायलीची प्रत सोमवारपासून बंद केली. पहिल्या दिवशी हात शिवशिवत होता. आईनं एका वाक्यात प्रश्न सोडवला. बाबांनी खुणा केलेलं पानच फायलीला लाव, म्हणाली, कोऱ्यापेक्षा त्याची किंमत जास्त.

आता अवघड गोष्ट. तीन दिवस लिहू की नको करत होते. मामा, तुमचा लेझर प्रिंटर मला नको आहे.

तो काळंच छापतो. मंगळवारी झेरॉक्सवाल्याचं रंगीत यंत्र बिघडलं होतं, म्हणून पानं काळी काढून आणली. त्यावर एक संत्रं होतं आणि एक चेंडू. बाबांनी दोन्हींकडे बघितलं, पेन्सिल उचलली आणि दोन्हींशेजारी प्रुफात घालतात तसं प्रश्नचिन्ह घातलं. खरंच, दोन करडे गोळे, कुठला कशाचा? ते चुकले नव्हते, पान चुकलं होतं. शब्द येण्याआधी वस्तू ओळखू यायला हवी. पण मग ते रुसून भिंतीकडे तोंड करून बसले आणि त्या दिवशी एकही शब्द बोलले नाहीत.

तुम्ही माझ्या चुकीच्या आकड्यापायी धावपळ केलीत, मामींची बोलणी खाल्लीत, आणि मी नको म्हणते आहे. लाज वाटते. तरी नकोच. टायपिंगच्या कामातून साठवलेले माझे पैसे टाकीवाल्याला पुरतात.

मला अक्षरं बाबांनी शिकवली, जुन्या प्रुफांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. शाळेत गेले तेव्हा मला वाचता येत होतं. त्यांनी कधी एकही अक्षर पुसट काढून दिलं नाही. मी कशी देऊ?

रागावलात तरी उत्तर पाठवा. तेवढं मागते.

तुमची भाची


शनिवार, १४ सप्टेंबर

चि. खोडरबरास,
अ. उ. आ.

रागावलो होतो. मामीनं आनंदानं टाळ्या वाजवल्या तेव्हा आणखी रागावलो. मग संत्र्याचा परिच्छेद पुन्हा वाचला आणि राग उतरला.

पण मी इतक्यात हरत नाही. तुझ्या-माझ्या मताला काय अर्थ आहे? घरात अक्षराचा जाणकार एकच आहे. तू मागच्या महिन्यात मला बघायला पाठवलेलं पान, त्यावरही संत्रं आहे, मी म्हशीवर छापून सोबत घातलंय. तेच पान दुकानात जाऊन कार्ट्रिजवाल्यावर आणि टाकीवाल्यावर काढून आण. कुठलं कशावरचं ते सांगू नकोस, चेहऱ्यावरही दाखवू नकोस, ते तुला जमत नाही म्हणून आईला द्यायला सांग. भावजी म्हणतील ते मला मान्य. पण सांगून ठेवतो, त्यांनी जन्मभर धारदार अक्षर बघितलंय. माझी म्हैस जिंकेल.

मामा


बुधवार, १८ सप्टेंबर

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

जसं घडलं तसं लिहिते, काही वाढवत नाही.

दुकानदारानं आधी कुरकुर केली. म्हणाला, ताई, लोक प्रिंटर घेतात, त्याची परीक्षा घेत नाहीत. मी पेन ड्राइव्ह पुढे धरून उभी राहिले. शेवटी त्यानं दोन्ही पानं काढून दिली. माझे कान तापले होते, पण मी हलले नाही.

काल सकाळी आईनं तिन्ही पानं बाबांच्या टेबलावर ठेवली. मी स्वयंपाकघरात उभी होते, दाराच्या फटीतून बघत. बाबांनी स्वतःहून ड्रॉवरमधून भिंग काढलं. झटक्यानंतर पहिल्यांदाच. तुमचं पान त्यांनी सगळ्यात जास्त वेळ बघितलं. अक्षरांवरून अंगठा फिरवला, मान डोलावली. मला वाटलं, संपलं. मग भिंग खाली चित्रांवर गेलं, संत्र्यापाशी थांबलं, आणि तिथे प्रश्नचिन्ह आलं. कार्ट्रिजवाल्याचं पान त्यांनी पालथं घातलं, का ते कळलं नाही. टाकीवाल्याच्या पानावर संत्रं केशरी होतं. त्यावर बोट ठेवून ते म्हणाले, संत्रं. आख्खा शब्द, आईला ऐकू जाईल एवढा मोठा. आठवा.

पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी पेन्सिल मागितली आणि तिन्ही पानांवर, पालथं सरळ करून त्यावरसुद्धा, एकाच जागी खूण केली. मी जाऊन बघितलं. कुलपाच्या चित्राखाली मी किल्ली लिहिलं होतं आणि किल्लीच्या चित्राखाली कुलूप. मामा, हे पान महिनाभर आपल्या हातात आहे. मी बघितलं, तुम्ही छापलंत, दुकानदारानं छापलं, आईनं टेबलावर मांडलं. कुणाला दिसलं नाही.

मग टाकीवाल्याच्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात ते बराच वेळ काहीतरी लिहीत होते. आजवर त्यांनी नुसत्या खुणा केल्या होत्या, अक्षर एकही काढलं नव्हतं. अक्षरं वाकडी आहेत, ओळ उतरती आहे, पण वाचता येतं. छापखान्यात शेवटच्या प्रुफावर एकतीस वर्षं लिहीत होते तेच: ‘दुरुस्त करून छापा.’ खाली सही.

थेरपीच्या बाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, डोकं विसरतं ते कधीकधी हाताच्या सवयीत उरतं, हा हात चालू ठेवा.

तुमची म्हैस अक्षरात जिंकली, हे मी आईसमोर मोठ्यानं बोलले आहे. ती तुम्ही एखाद्या शाळेला दिलीत तर मामींनाही घरात राहता येईल. मी चुकत राहीन आणि कळवत राहीन, तुम्ही असेच भांडत राहा.

तुमची भाची

ता. क. उद्या गुरुवारी किल्ली आणि कुलूप जागेवर लावते. परवा, शुक्रवार २० सप्टेंबर, सकाळी दहा वाजता दुकानाचं शटर वर जाईल तेव्हा मी बाहेर उभी असेन, टाकीवाला घ्यायला.