बाहेरचा नळ

पपा, परवा मुलीच्या न्हाणीघरात नवा गिझर बसवला. गरम पाण्याचा नळ सोडला तर आधी नुसती फुरफुर, मग गुळणी टाकावी तसं थोडं पाणी, पुन्हा फुरफुर. मुलगी घाबरली आणि मी मात्र हसत सुटले. तुमच्या गाडीचाच आवाज होता तो. तेव्हापासून तुम्हाला एक विचारायचंय आणि एक सांगायचंय.

मिशनच्या दवाखान्याची ती फिरती गाडी तुम्ही चालवायचात आणि मी तिच्यात नर्स. शिरूरहून निघून दौंडकडच्या गावांपर्यंत जायचं, वेळ पडली तर मुक्कामही गाडीतच. टपावर पाण्याची टाकी. तुमच्या सीटमागे तांब्याचा बंब आणि त्याच्या पोटात तांब्याच्या नळीचं वेटोळं. ती नळी तुम्ही दौंडच्या भंगारातून शोधून आणली होती. तिथल्या रेल्वे इंजिनांच्या लोकोशेडमधली जुनी नोकरी तुमच्या अंगातून कधी गेलीच नाही. इंजिनाचं तापलेलं पाणी वेटोळ्याच्या आतून फिरायचं, टाकीचं पाणी बाहेरून. दोघांची भेट कुठेच होत नसे, ऊब तेवढी इकडून तिकडे जायची. मला याचं फार नवल वाटायचं. मिसळत नाही कशावरून, असं मी सारखी विचारायची, आणि तुम्ही म्हणायचात, "चाखून बघ की." निघण्याआधी बंबाच्या डोक्यावरची बारकी तोटी उघडायची, आतली हवा जाऊ द्यायची, पाण्याची धार लागली की बंद करायची. मी विसरले की नळ खोकायचा आणि तुम्ही गाडी चालवता चालवता ओरडायचात, "त्याला आधी श्वास सोडू द्यावा, बाय!"

आतला नळ हात धुवायला होता, ते समजण्यासारखं होतं. पण दुसरा नळ तुम्ही गाडीच्या मागे, बाहेरच्या अंगाला बसवलात, तोही गरम पाण्याचा. त्यासाठी आठवडाभर गाडीखाली पडून होतात. बाहेर कुणाला आंघोळ घालायचीय, म्हणून मी चिडवलं. तुम्ही पाना मागितलात आणि म्हणालात, "असू दे. लागंल कवातरी."

मग राहू गावचा तो दिवस. गावापासून लांब, उसाच्या कडेला गाडी उभी आहे. शेतातच कळा सुरू झालेली एक सून आणली आहे, सोबत तिची सासू. पोरीचे ओठ सुकून पांढरे पडलेत, जोर करायची ताकद उरलेली नाही. मी आतल्या नळाचं पाणी तांब्यात घेते आणि सासू माझ्या हाताआड उभी राहते. ख्रिस्ती झालो तरी आमची जुनी जात गावं विसरली नव्हती. बाळंतपणाला आमचे हात चालत होते, पाणी चालत नव्हतं. "घरनं आनते," म्हातारी म्हणते. घर लांब आहे. पोर डोळे मिटायला लागली आहे, आणि मला म्हातारीच्या अंगावर ओरडावंसं वाटतंय.

तेवढ्यात बाहेरून तुमचा आवाज येतो. "मावशी, हिकडं मागं नळ हाय. तुमच्या हातानं सोडा. पाणी तुमच्याच हिरीचं हाय."

"आमच्या हिरीचं? कुनी भरलं?"

"तुमच्याच वस्तीवरच्या गड्यांनी, सकाळी. इचारा माझ्या लेकीला."

त्या सकाळी शिरूरला, मिशनच्या कंपाउंडातल्या विहिरीवर, बादल्या मी वर देत होते आणि टाकीत तुम्ही ओतत होतात. मी म्हणाले, "व्हय."

म्हातारीनं नळ सोडला. फुरफुर झाली, मग वाफाळतं पाणी. "आगं बया, जाळ कुठाय ह्याला?" तिनं ओंजळीत घेऊन एक घोट चाखला आणि क्षणभर तशीच उभी राहिली. मग तांब्या भरला, ओच्यातला गुळाचा खडा त्यात टाकला आणि सुनेच्या तोंडाला लावला. ऊन कलायच्या आत मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या.

तुम्ही चर्चच्या मंडळीचे पंच, थट्टेतलंसुद्धा खोटं तुम्हाला चालत नसे. त्या रविवारी प्रभुभोजनाचं, भाकर-द्राक्षरसाचं ताट तुमच्यापुढं आलं आणि तुम्ही ते न घेता शेजाऱ्याकडे सरकवलंत. बायकांच्या बाकांवरून मी पाहिलं. मनात पाप असताना ते घ्यायचं नाही, हे तुम्हीच मला शिकवलं होतंत. पुढेही कितीतरी वेळा तसंच झालं. मी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाहीत, आणि मग तुम्ही गेलात.

तुमच्यानंतर दुसऱ्या ड्रायव्हरबरोबर मी राहूला गेले. म्हातारीनं मला ओळखलं, तुमची चौकशी केली. तुम्ही गेल्याचं ऐकून तिनं मला जवळ बसवून घेतलं. मग म्हणाली, "खोटं बोलला व्हता त्यो. आमच्या हिरीचं पानी मचूळ. नळाचं त्वांडात घेतलं आन् कळलं, ग्वाड व्हतं."

"मग पाजलं कसं?"

"पोर मराया लागली व्हती माझी. पाजायचंच व्हतं मला. पर घरी सांगाया कायतरी पायजे का न्हाई? ते तुझ्या बापानं दिलं."

हे सांगायचं होतं, पपा. तुम्ही तिला फसवलं नव्हतंत. हे तुम्हाला जिवंतपणी कळलं नाही याचं मला फार वाईट वाटतं. आणि विचारायचं ते हे, की गाडीखाली उताणे पडून तो नळ बसवत होतात, तेव्हाच ते वाक्य तुमच्या मनात तयार होतं का? की नळ आधी होता, आणि वाक्य त्या पोरीचे ओठ बघून आलं? गिझर फुरफुरल्यापासून मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहतेय. एकदा हे खरं वाटतं, एकदा ते.

आणखी एक. त्या रविवारी ताट बायकांकडे आलं, तेव्हा तुमची मान खाली होती, म्हणून तुम्हाला दिसलं नसेल. "व्हय" मीही म्हणाले होते. पण मी भाकर घेतली, द्राक्षरस घेतला, आणि मला दोन्ही गोड लागलं.