«कीप»ची नोंद

३ ऑगस्ट

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

डॉक्टरीणबाईंनी मला बाळंत होईपर्यंत दवाखान्यातच ठेवून घेतलंय. रक्तदाब चढलाय, दिवस भरायला अवकाश आहे, आणि तुमचे जावई बोटीवर. तुम्ही येऊन राहिलात तर मला धीर येईल.

इथे सगळे इंग्रजीच बोलतात, त्यामुळे तुमच्या इंग्रजी-मराठी कोशासाठी «कीप»ची वाक्यं आयती कानावर पडतात. नर्स म्हणते, कीप स्टिल, म्हणजे हलू नकोस. शेजारच्या खाटेवरची सांगते, तिचा नवरा कोंबड्या कीप करतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळाला फार दिवस आत कीप करता येणार नाही.

लोभ आहे हे ठाऊक आहे, तो दिसूही द्यावा.

तुमची ठकी

१० ऑगस्ट

चि. सौ. ठकीस,
अ. उ. आ.

वाक्यं पोचली. नर्सचं «स्थिर राहणे»खाली लावलं, कोंबड्या «पाळणे»खाली. डॉक्टरीणबाईंचं वाक्य झकास आहे, पण अपुरं. कोण, कुठे, कधी आणि कोणाला म्हणालं, हे लिहिल्याशिवाय आमच्या कोशात वाक्याची चिठ्ठी धरत नाहीत.

या क्रियापदाने माझा पिच्छा पुरवलाय. जुन्या इंग्रजीत ते एकदम उगवतं आणि शेजारच्या कुठल्याच भाषेत त्याचा खात्रीचा सोयरा सापडत नाही. लक्ष ठेवणे, वाट पाहणे असेही त्याचे जुने अर्थ. नोंद छापायला गेली की निघतोच. तब्येतीला जप.

बाबांचे आशीर्वाद, नेहमीइतकेच.

१६ ऑगस्ट

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

या खेपेस चिठ्ठी पुरी भरून पाठवते. वाक्य: आय कान्ट कीप धिस अप. अर्थ: हे आता माझ्याने निभत नाही. कोण म्हणालं: तुमची मुलगी. कुठे: खिडकीजवळची खाट. कधी: भेटीच्या वेळात, बाकीच्यांची माणसं आली होती तेव्हा. कोणाला: कोणालाच नाही.

मला भीती वाटते, बाबा.

कोशातून थोडा लोभ उरला, तर इकडे वळवावा.

तुमची ठकी

२१ ऑगस्ट

चि. सौ. ठकीस,
अ. उ. आ.

आमच्या कार्यालयात नवी चिठ्ठी सगळ्यांपुढे मोठ्याने वाचायची रीत आहे. तुझी वाचायला घेतली आणि «कोणालाच नाही»पाशी ती खाली ठेवली. संपादकांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, हा शब्द हजार वर्षं थांबलाय, आणखी थांबेल. बाळ थांबायचं नाही. नोंद त्यांच्याच गळ्यात मारून उठलो.

पोरी, तुझी पत्रं मी वाक्यांसाठी वाचत होतो. भीती तर मलाही वाटते, म्हणून कोशात तोंड खुपसून बसलो होतो.

हे पत्र टपालात टाकत नाही, नर्सच्या हाती देतोय. वाचून झालं की दाराकडे बघ.

बाबा