नाही असं नाही

बाबा, काल लेकीनं विचारलं, "जर्मनीत नोकरी मिळतेय, जाऊ का?" आणि माझ्या तोंडून तुमचंच वाक्य निघालं, "जाऊ नको असं मी म्हणत नाही." तिनं आनंदानं मिठी मारली आणि लगेच मैत्रिणीला फोन लावला.

तुम्ही कधी सरळ "हो" म्हटल्याचं मला आठवत नाही. दारव्ह्याच्या बाजारातलं आपलं शिलाईचं दुकान, कापसानं सगळ्यांची कंबर मोडलेली ती वर्षं. नवं कापड घेऊन कुणी येत नाही, उसवलेलं तेवढं शिवायला आणतात. "दिवाळीले होते का हे?" "होत नाही असं नाही." गिऱ्हाईक वैतागतं, "होते का नाही, एक काईतरी सांग ना बाप्पा!" तुम्ही नुसतं हसता. अशाच एका दुपारी मी विचारलं, "मले पुण्यात नोकरी लागली, जाऊ का बाबा?" मशीन न थांबवता तुम्ही म्हणालात, "जाऊ नको असं काई मी म्हणून नाही राह्यलो." झालं, मी पिशवी भरायला घेतली.

तेव्हापासून मी इथं प्रोग्राम लिहितो. लिहिलेलं तपासणारं एक साधन असतं आमच्याकडे, लिंटर म्हणतात. नकाराचं वाक्य दिसलं की ते सरळ करून देतं. मागच्या आठवड्यात मी लिहिलं होतं, पार्सलचं वजन पन्नासपेक्षा कमी नसेल तर पुढे पाठव. त्यानं केलं, पन्नास किंवा जास्त असेल तर पाठव. दिसायला एकच, म्हणून मीही मान डोलावली. मग ज्यांचं वजन भरायचंच राहिलं होतं, ती सगळी पार्सलं अडकून पडली. रिकाम्या जागेला कमी म्हणता येत नाही, म्हणून माझ्या वाक्यानं ती पुढे गेली असती; पण तिला जास्तही म्हणता येत नाही.

ते निस्तरताना तुम्ही आठवलात. तुम्ही "हो" म्हटलंच नव्हतं, बाबा. "तुम्हाला काय वाटतं?" एवढं तरी मी विचारायचं होतं. विचारलं नाही, आणि पुढच्याच उन्हाळ्यात तुम्ही गेलात. कदाचित खुशीनं पाठवलंही असेल तुम्ही मला. फार वाईट वाटतं, आता विचारू कुणाला?

हे पत्र टाकायचं तरी कुठं. शेजारच्या खोलीत लेक गुणगुणतेय. तिनं जाऊ नये असं मला वाटतं, आणि हे तिला सांगायचं सोडून मी तुम्हाला लिहीत बसलोय.