कपिलची पकड

६ जानेवारी, सोमवार

कपिलने आज पुन्हा स्वतःच्याच कॅप्टनचा पाय ओढला! मोबाईलवर — पण हसणारे खरे होते.

ऋतिकने, माझ्या जुन्या विद्यार्थ्याने, वडिलांच्या कृषी केंद्रावरच्या खोलीत बसून कबड्डीचा गेम बनवलाय. स्नेहसंमेलनात त्याची स्पर्धा, मोठ्या पडद्यावर. जबाबदारी माझी. मी संगणक शिकवते, म्हणजे घाटंजीत वीज गेली तरी मलाच विचारतात.

कपिल चढाईला गेला की वाघ. समोर सगळे परकेच. पण बचावात, आपल्या घोळक्यात एक परका शिरला, की हा नेमका आपलाच धरतो. लाल जर्सी आपली, हिरवी त्यांची, इतकं सोपं! समोरच्या, ओमच्या संघातून आरोळी — "पुढारी होते बे हा! आतापासूनच आपल्या माणसाचे पाय ओढून राह्यला!" मीही हसले. लिहून ठेवते.

संघदीप हसला नाही. कपिलचा कॅप्टन आणि खोलीतला सोबती. सगळे गेल्यावर म्हणाला, "मॅडम, त्याले लाल-हिरवं समजत नाही. बाजारात टमाटर बी मीच निवडून देतो."

कपिल खाली बघत — "मले टीममधून काढा, मॅडम. मले सगळे सारखेच दिसतेत."

"त्याले काढाल तं मी बी नाही खेळत," संघदीप. दोघांचं शेवटचं वर्ष. एकाच संघात खेळायचं, एवढंच मागणं.

७ जानेवारी, मंगळवार

स्टाफरूममध्ये कपिलची तपासणी झाली. डॉक्टर कोणी नव्हते, हौस सगळ्यांना होती. माझ्या साडीचा काठ, कोणाचा डबा, कोणाचं पेन — "हा कोणता? अन् हा?" जत्रेत दोन डोक्यांचं वासरू बघावं तसं.

प्राचार्यांनी खिडकीतून कडुलिंब दाखवला. "हे झाड?"

"हिरवं, सर."

"मग दिसते की!"

झाड हिरवं असतं हे पोरगं बालवाडीत पाठ करून आलंय, साहेब! — असं मी म्हणाले नाही. इथे लिहिलं. माझं शौर्य एवढंच.

९ जानेवारी, गुरुवार

ऋतिकचा फोन, आनंदाने ओथंबलेला. "मॅडम, रंगांध मोड टाकला!" बटण दाबलं — अख्खा गेम काळा-पांढरा. दोन्ही संघ एकसारखे राखाडी. कपिलला थोडं कमी दिसतं, म्हणून होतं तेही काढून घेतलं! सोय करण्याची आपली रीत.

"अरे, त्याला निळं दिसतं, पिवळं दिसतं. लाल आणि हिरवं तेवढं एकाच मळक्या रंगात जातं."

"मग तसं सांगा ना. मले वाटलं जुन्या पिक्चरसारखं दिसत असंन."

हसू नये. सोमवारपर्यंत मलाही तसंच वाटत होतं. काल दिवसभर वाचलं म्हणून आज शहाणी.

१० जानेवारी, शुक्रवार

सापडलं! निळा आणि नारिंगी. जिथे वाचावं तिथे हीच जोडी — रंगांध खेळाडूला सहज वेगळी दिसते, जगभर वापरतात. ऋतिकने दुपारी जर्सी बदलल्या. संघदीपचा संघ निळा, ओमचा नारिंगी. मीच वाटून दिले.

आणि कपिल! एक चूक नाही. ओमचा माणूस शिरला रे शिरला की धरला. संघदीपने त्याला खांद्यावर घेतला, पोरांनी फोटो काढले. मी घरी येताना स्वतःसाठी पाव किलो जिलेबी घेतली.

११ जानेवारी, शनिवार

जिलेबी बाधली.

सकाळी ओमच्या संघातला एकजण — "मॅडम, नारिंगी म्हणू नका. भगवा म्हणा." दुपारी प्रयोगशाळेच्या दारात घोषणा. इकडून एक, तिकडून दुसरी. परवापर्यंत यांना लाल-हिरव्याचं काही नव्हतं. काल हरलेले आज इतिहासासाठी लढताहेत, जिंकलेले अस्मितेसाठी. कबड्डी कोणीच खेळत नाही. जगभर चालते म्हणे ही जोडी! जगाने एकदा घाटंजीला यावं.

संघदीप सगळ्यात शेवटी थांबला. "मॅडम, रंग तुम्हीच वाटले ना?"

"हो."

"चिठ्ठ्या टाकल्या होत्या?"

"नाही रे."

"मग आम्हाले निळाच काहून?"

मी म्हणाले, सहज. तो "बरं" म्हणाला आणि गेला.

सहज! त्याचं नाव, त्याचं घर, भिंतीवरचा फोटो — हे सगळं माझ्या हाताला ठाऊक होतं, मला कळायच्या आत. राग आला असता तर बरं झालं असतं. तो फक्त "बरं" म्हणाला. एम.एस्सी. झाले, वीस वर्षं शिकवते, आणि हात नेमका तिकडेच गेला. पोरांच्या घोषणांवर दोन परिच्छेद टोमणे लिहायला घेतले होते. खोडले.

१२ जानेवारी, रविवार

दोन्ही कॅप्टनना फोन केला — रंगांची अदलाबदल करू या? दोन्ही संघांचा ठाम नकार. आठवड्यातली पहिली एकी.

१३ जानेवारी, सोमवार

प्राचार्यांनी समिती नेमली. विषय — कबड्डीपटूंच्या बनियानाचा रंग. पिवळा? "कोणाचा आहे ते आधी पाहा." गुलाबी? पोरं आत्महत्येची धमकी देतील. पांढरा? "पुढाऱ्यायचा." काळा? "उद्या संक्रांत आहे, चालते," पण कोणाला तरी निषेधाचा वाटला. तासाभराने समिती या निष्कर्षाला आली की रंग ही गोष्टच वादग्रस्त आहे. चहा मात्र उत्तम होता.

कपिल कोपऱ्यात बसून होता. ज्याच्यासाठी हे चाललंय त्याला कोणी काही विचारलं नाही. मीसुद्धा.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. सगळे गोड बोलले. साडेअकरापर्यंत.

१५ जानेवारी, बुधवार

कपिल आला नाही. फोन केला तर गावी. शुक्रवारचा तो खांद्यावरचा फोटो कोणीतरी स्टेटसला ठेवला — मागे पडदा, पडद्यावर निळी जर्सी, खाली "आपला कपिल". तो पंजाबरावांनी, त्याच्या काकांनी, पाहिला.

"काका म्हणे, तू निळ्यात कायले गेलता? मी म्हटलं, काका, गेम आहे. तं म्हणे, गेम असो का काही असो, गाव पाहून राह्यलं."

"मी निळा काढतेच आहे. तू फक्त ये. संघदीप वाट बघतोय."

"हो, मॅडम." पोकळ हो.

१६ जानेवारी, गुरुवार

तोडगा संघदीपने दिला. "मॅडम, गावात जर्सी कुठं असते? एक बाजू शर्ट काढते, एक ठेवते. झालं." हे माझ्या डोक्यात का आलं नाही! लहानपणी अंगणात भाऊ असेच खेळायचे. रंगाचा संबंधच नाही!

ऋतिकने तासाभरात अर्धे खेळाडू उघडे केले. प्राचार्य — "मोठ्या पडद्यावर उघडी पोरं? पालक येणार आहेत, मॅडम!" मग उघड्यांना काळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचे बनियान, बाकीच्यांना साधे. पट्टे कोणत्या संघाला, हे दर सामन्याला गेम स्वतः ठरवेल. ही अट माझी. माझ्या हातावर माझा विश्वास राहिलेला नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

मोबाईलचा पडदा पूर्ण राखाडी करून गेम पाहिला. तरी दोन्ही संघ स्पष्ट वेगळे! उन्हात पाहिला, फुटक्या काचेच्या मोबाईलवर पाहिला — स्पष्ट. आता कोणालाही खेळता येईल. कपिलला कळवलं, निळा गेला, भगवा गेला, काही उरलं नाही. म्हणाला, उद्या येतो. संघदीपला सांगितलं तर त्याने लगेच मोबाईल चार्जिंगला लावला.

ओरडून सांगावंसं वाटलं कोणाला तरी. वहीलाच सांगते — जमलं!

१८ जानेवारी, शनिवार

कपिल आला. आत शिरला तो सरळ ओमच्या शेजारी जाऊन बसला. माझ्याकडे न बघता — "काका म्हणते, आता इकडून खेळ."

पट्टे उत्तम चालतात. कपिलने आज एकदाही चुकीचा माणूस धरला नाही. दर वेळी संघदीपलाच धरलं.