माझी छाती ठणठणीत आहे

५ नोव्हेंबर, पहाटे ५.१०
निवृत्तीनंतरची शिस्त आजपासून. चार किलोमीटर चालणे, पन्नास बैठका, ही डायरी. खोकल्याला दीड महिना झाला. कारण स्पष्ट आहे: नशिराबादचा हायवे आणि त्याची धूळ. वजन सहा किलो उतरलं, ते मात्र माझ्या संयमाचं फळ. एकतीस वर्षं शाळेत पीटी शिकवली, छाती कशी असावी हे मला कुणी सांगू नये. बायको, सुनंदा, धुळ्याकडची, वैतागली की माहेरची बोली काढते. म्हणाली, "तुमनी छाती लोहारना भातासारखी वाजी राहिनी." दुर्लक्ष केलं.
बैठका अकरा झाल्या. गुडघा.

११ नोव्हेंबर
बीपीच्या गोळ्यांसाठी जळगावला, सरकारी दवाखान्यात. तिथल्या लॅबमध्ये प्रशील भेटला, माझा विद्यार्थी. उशिरा आला म्हणून एकदा मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावल्या होत्या. आज टेक्निशियन! शिस्तीचा परिणाम. माझा खोकला ऐकून त्याने एक डबी हातात दिली. सकाळी उठल्या उठल्या खोल खोकून छातीतला बेडका आणा म्हणाला. मशीनही दाखवलं. बेडक्यात जंतूचा डीएनए कणभर असला तरी हे त्याच्या प्रती काढत सुटतं. एकाच्या दोन, दोनाच्या चार, असं करत कोट्यवधी. मग त्याला लपायला जागा राहत नाही. कोविडची टेस्ट अशीच व्हायची, आणि पोलीस केसाच्या मुळावरून माणूस ओळखतात तेही असंच. दोन तासांत निकाल. पाठ थोपटली त्याची.

१२ नोव्हेंबर
बेडका दिसायला घाणेरडा. म्हणून आधी चूळ भरली आणि स्वच्छ थुंकी दिली. शिक्षकाचा नमुना शिक्षकासारखा हवा. रिपोर्ट: जंतू आढळले नाहीत. पाव किलो पेढे घेतले. प्रशील म्हणाला, "सर, ही नुसती लाळ आहे. पुन्हा द्या." एका कणाचे कोटी करणाऱ्या मशीनला सापडलं नाही म्हणजे नाहीच. त्याचं गणित तेव्हाही कच्चं होतं.

२८ नोव्हेंबर
सून, पुनम, म्हणाली, "आबा, खोकला जाईपर्यंत चिनूला जरा लांबूनच खेळवा ना." चिनू म्हणजे माझी नात, अडीच वर्षांची. दुपारी माझ्या छातीवर पालथी पडूनच झोपते, दुसरीकडे झोपतच नाही. मला खोकला आला की घोडा उधळला समजून हसते. पुनमशी दोन दिवस बोललो नाही. चिनूने जागा बदलली नाही. तिला माणसाची पारख आहे.

९ डिसेंबर
रुमालावर लाल. बीट खाल्लं असणार. कधी खाल्लं ते आठवत नाही. रुमाल बंबात टाकला.

१२ डिसेंबर
बीपीच्या गोळ्या आणायला गेलो, तर प्रशीलने समोर उभं राहून खोकायला लावलं. दोन तास बाकावर. आढळले. तो शब्द इथे लिहिणार नाही. नेहमीच्या गोळ्या लागू पडतील, तेही मशीनच सांगतं म्हणे. सहा महिने, एक दिवस न चुकता. मग त्याने विचारलं, घरी कोण कोण? लहान मूल आहे का? असेल तर लगेच तपासून त्यालाही औषध सुरू करावं लागतं.
गावात मोतीलाल सर म्हणजे कोण, हे याला काय कळणार. म्हणालो, आम्ही दोघंच. मुलगा, सून, नात धुळ्याला असतात. घरी येऊ नकोस, गोळ्या मी इथूनच नेईन.
घरी सांगितलं, अ‍ॅलर्जी. हाही एक प्रकारे आजारच आहे, म्हणजे पूर्ण खोटं नाही.

२ जानेवारी
खोकला गेला! गोळ्यांनी मळमळतं, लघवी लाल होते. शरीर स्वतः लढायला लागलं की बाहेरची मदत थांबवावी. आजपासून बंद. प्रशीलचा फोन आला, घेताय ना सर? हो म्हणालो. उरलेली पाकिटं कपाटात, शिल्डांच्या मागे.

२३ फेब्रुवारी
चिनूला आठवडाभर ताप. जेवत नाही. जंत असतील असं पुनमला सुचवलं. मीही पुन्हा थोडा खोकतो आहे. ऋतुबदल.

४ मार्च
चिनूला उलट्या. उजेड दिसला की तोंड फिरवते. बालरोगतज्ज्ञांनी विचारलं, घरात कुणाला टीबी वगैरे? सगळे नाही म्हणाले. मीही. सगळ्यांत मोठ्याने.

११ मार्च
पहाटे तिला झटका आला. जळगावला नेलं. पाठीच्या कण्यातलं पाणी काढलं. एवढी सुई टोचली तर पोर किंचाळायला हवी होती. हूं की चूं केलं नाही.
पाणी त्याच मशीनमध्ये. आम्ही बाकावर. माझा मुलगा ललित सारखा म्हणत होता, काही निघणार नाही. मीही हो म्हणत होतो. चमचाभर पाण्यात काय सापडणार.
प्रशील कागद घेऊन बाहेर आला. आधी आडनाव वाचलं, मग मला पाहिलं. त्याच्या तोंडून निघून गेलं, "सर, नात धुळ्याला असते म्हणाला होतात ना?"
पुनम तिथेच होती. तिने विचारलं, "आबा, हे काय म्हणतायत?" मी धुळीबद्दल काहीतरी सांगितलं. ती ऐकत राहिली. मग सगळ्यांसमोर खाली फरशीवर बसली.

३० मार्च
चिनू शुद्धीवर. डावा हात आणि डावा पाय उचलत नाही. नजर फिरते, कुठे थांबत नाही. डॉक्टर म्हणतात, वर्षभर औषध, पुढचं सांगता येत नाही. मी तिच्या व्यायामाचा तक्ता तयार केला, लाल-निळ्या पेनाने, सकाळ-संध्याकाळ. ललितने तो घेतला, न वाचता घडी केली आणि परत माझ्या हातात दिला.

७ एप्रिल, सकाळी ८
माझाही नमुना पुन्हा घेतला. जुन्या गोळ्या आता माझ्यावर चालणार नाहीत म्हणे. अर्धवट सोडल्या की असं होतं. नव्या सुरू.
पुनम रात्री दवाखान्यातून आली होती, चिनूचे कपडे न्यायला. आत्ता गोळ्या आणि पाणी घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. म्हणालो, ठेव तिथे, नंतर घेतो. ती हलली नाही. गिळल्या.
"तोंड उघडा."
उघडलं.
"जीभ वर."
केली. तिने वाकून नीट पाहिलं. मग मास्क सारखा केला, पिशवी उचलली आणि बस पकडायला गेली.