हलकी लेन्स धाकटीच्या नावे

मी, वय एकाहत्तर, अविवाहित, रुग्णालयाच्या एक्स-रे विभागातून निवृत्त, तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या मालकीच्या घरात राहणारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. समोरच्या डॉक्टरांनी काल तपासून तसे लिहून दिले आहे. तपासताना त्यांनी मला आजचा वार विचारला. तो मी सांगितला, आणि तुमच्या दाराबाहेरच्या पाटीवर रविवारची वेळ चुकीची आहे, हेही सांगितले. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. तसा तो आजवर कोणाला जमलेलाही नाही.

याआधीची माझी दोन मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती रागात लिहिली होती. हेही रागातच लिहीत आहे, पण या वेळी राग माझा माझ्यावर आहे.

कलम पहिले. घर भाचीला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीला. ती दातांच्या कवळ्या बनवते, उत्तम बनवते, आणि माझ्याशी वाद घालताना आवाज चढवत नाही. बँकेत जे असेल तेही तिचेच. ते किती, हा विषय इथे नको.

कलम दुसरे. निवृत्तीच्या दिवशी विभागाने दिलेले भिंतीवरचे घड्याळ विभागाला परत करावे. तेहतीस वर्षे मी एकदाही उशिरा आले नाही, तरी माझ्याबद्दल कोणाला तरी शंका होती असे दिसते.

कलम तिसरे. आता मुद्द्याचे. माझ्याकडे एक कॅमेरा आणि दोन टेलिफोटो झूम लेन्स आहेत. दोन्ही काळ्या, दोन्ही वीतभर लांब, दोन्हींची लांबचे जवळ आणण्याची ताकद सारखी. एक जड आहे, धातूची, दुसरी हलकी. हलकी लेन्स मला धाकटीला द्यायची आहे, आणि ती घेईल की नाही हे मला माहीत नाही. नऊ वर्षे ती माझा जिना चढलेली नाही. त्याचे कारण मी आहे. ते कारण न सांगता वस्तू तेवढी देणे म्हणजे पावती न देता माल खपवणे, म्हणून सांगते.

माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून बंद पडलेल्या कारखान्याचे धुराडे दिसते. मी निवृत्त झाले त्या वर्षी त्याच्या टोकाशी, दोन विटा निखळून झालेल्या खोबणीत, ससाण्यांच्या जोडीने घर केले. नुसत्या डोळ्यांना ते दोन ठिपके दिसत. आयुष्यभर मी माणसांची हाडे पाहिली, फुफ्फुसे पाहिली, गिळलेली नाणी पाहिली. न दिसणारे पाहणे हाच माझा धंदा. दोन ठिपके माझ्यासमोर बसून काय करतात हे मला कळू नये, हा मला अपमान वाटला. म्हणून कॅमेरा घेतला. पण लेन्स कोणती घ्यावी, तिथे अडले.

दुकानदार सभ्य माणूस. दोन्ही लेन्स माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "बाई, दोन्ही चांगल्या. मी एक चांगली म्हटलं तर तुम्ही दुसरी घ्याल. तीन दिवस दोन्ही घरी न्या." नुसत्या शब्दावर दिल्या.

पहिल्यांदा जड लेन्स लावून डोळा लावला तो क्षण मला अजून जसाच्या तसा आठवतो. धुराडे माझ्या अंगावर आले. विटेविटेमधला चुना दिसला, चुन्यात उगवलेले गवताचे पाते दिसले, आणि त्या पात्यामागून ससाण्याची मादी थेट माझ्याकडे पाहत होती. डोळा काळाभोर, भोवती पिवळे वर्तुळ, आणि त्या डोळ्यात उजेडाचा एक चौकोन. तिने मान वळवली आणि गळ्यावरचे एकेक पीस वाऱ्याने उचलून पुन्हा जागच्या जागी ठेवले. मी स्टुलावर बसले. इतकी वर्षे माणसाच्या आत डोकावून जे वाटले नाही ते या पाखराच्या बाहेरच्या अंगावर वाटले: आपल्याला हे पाहू दिले जाते आहे, आपली काही लायकी नसताना.

तेव्हा धाकटी आठवडाभर माझ्याकडे राहायला होती. तिने दोन्ही खोक्यांतल्या माहितीपुस्तिका काढल्या आणि शेवटच्या पानापर्यंत वाचल्या. तिची ही जुनीच सवय. ती औषधाच्या डबीतला घडीचा कागदसुद्धा वाचते.

मी परीक्षा घेतली. कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का बसवला, सकाळी दहाचा उजेड, समोर धुराड्याच्या विटा, दोन्ही लेन्सने चाळीस-चाळीस फोटो. जड लेन्सच्या फोटोंत विटांच्या कडा सुरीने कापल्यासारख्या आल्या. हलकीच्या फोटोंत प्रत्येक वीट आपल्याच सावलीसकट आली. मी निकाल दिला: हलकी लेन्स सदोष आहे, कुठेतरी पडलेली आहे, आणि दुकानदार ती माझ्या गळ्यात मारतो आहे.

धाकटी पुस्तिकेत बोट ठेवून म्हणाली, "ताई, इथे लिहिलंय. स्टँडवर लावलं की थरथर थांबवायचं ते बटण बंद करायचं. या हलक्या लेन्सचं चालूच आहे बघ."

"न हलण्याबद्दल तू मला शिकवणार? तेहतीस वर्षं मी माणसांना हलू नका म्हणून सांगितलंय. एकाला दोन बंदोबस्त असले तर बिघडतं काय?"

"मला काय माहीत? लिहिलंय ते वाचते आहे."

"मग वाचून गप्प बस. आठवीपर्यंतच्या शिक्षणात जेवढं कळतं तेवढंच बोलावं."

हे वाक्य मी बोलले. घरात एकीलाच कॉन्व्हेंटमध्ये घालणे शक्य होते आणि ती एक मी होते. आई अंथरुणाला खिळली तेव्हा शाळा सोडली धाकटीने, मी नाही. माझे इंग्रजी, माझी नोकरी, माझे हे घर, सगळे त्या आठवीवर उभे आहे. धाकटीने पुस्तिका मूळच्या घडीवर घडी घालून खोक्यात ठेवली, बॅग भरली, चपला घातल्या आणि गेली. त्यानंतर कामापुरता फोन. तब्येत कशी, बरी आहे, ठेवते.

मी मात्र जोरात होते. हलकी लेन्स परत केली आणि सोबत दुकानदाराला चार पानी पत्र दिले. विभागात सगळ्यांना सांगितले की त्याच्याकडे पाऊल टाकू नका. बऱ्याच जणांनी ऐकले. माझे लोक ऐकतात.

गेल्या थंडीत भाची त्या परीक्षेचे जुने फोटो पाहत बसली होती. म्हणाली, "मावशी, ही हलकी लेन्स खराब नाहीये."

"मग काय, विटा खराब आहेत?"

"प्रत्येक कड दोनदा आलीय, आणि दरवेळी एकाच दिशेला. हे हललंय."

"ट्रायपॉडवर काय हलणार?"

तिने माझ्याकडे पाहिले. "हे तू मला विचारतेस?"

मी फोटो हातात घेतला. लेन्स धूसर असणे वेगळे आणि रुग्ण हललेला असणे वेगळे, हा फरक मी दिवसातून साठ वेळा, एका नजरेत करत आले. शिकाऊ मुलींना मी तोच पहिला शिकवायचे. आणि माझ्याच स्वयंपाकघरात तो मला दिसला नाही, कारण रुग्ण मी स्वतः बांधून ठेवला होता. त्या बटणाने लेन्सच्या आतली एक काच सरकत राहते, हाताचा कंप झेलते. खाली कंपच नसला तर ती तो शोधत बसते आणि शोधता शोधता स्वतः हलते. एवढे सगळे पुस्तिकेच्या अकराव्या पानावर दोन ओळींत होते. जड लेन्सचे बटण योगायोगाने बंद होते. तिचे कौतुक मी फुकट केले.

आमच्या शाळेत नन शिकवत, की चूक उभे राहून सांगायची आणि सांगताना भिंतीला टेकायचे नाही. मी दुकानात उभी राहिले.

दुकानदार आता म्हातारा झाला आहे. म्हणाला, "तुमचं पत्र आहे माझ्याकडे अजून. अक्षर फार सुंदर आहे."

"मग उत्तर का नाही दिलंत?"

"चार पानं लिहिणारं माणूस पुन्हा एकदा तपासून बघेल असं वाटलं होतं."

"नऊ वर्षं वाट पाहिलीत?"

"दुकान इथेच होतं, बाई."

ती लेन्स त्याने विकली नव्हती. माझ्या बोलण्यानंतर कोण घेणार होते? तो स्वतः वापरत होता. त्याच्या भिंतीवर त्याच लेन्सने टिपलेला एक बगळा होता. पाण्यातून चोच वर काढताना चोचीच्या टोकाला थेंब, आणि थेंबात उलटे आकाश. मी त्यापुढे किती वेळ उभी होते कोण जाणे. त्याने खुर्ची आणून दिली. लेन्स मी विकत घेतली, घरी आणली, बटण बंद केले आणि तीच परीक्षा पुन्हा घेतली. भाचीने फोटो पत्त्यांसारखे पिसले. कोणता कोणत्या लेन्सचा हे ओळखताना वीसपैकी अकरा वेळा मी चुकले. दोन लेन्समध्ये फरक नाही. फरक आहे असे म्हणत मी एका माणसाचा धंदा बुडवला आणि एका बहिणीला दाराबाहेर काढले.

कलम चौथे. दुकानदाराला माझी क्षमायाचना. "त्याने मला पडलेली लेन्स दिली असे मी म्हटले. ते खोटे होते. चूक माझी होती." हे तीन ओळींचे पत्र मी सहीनिशी वेगळे लिहिले आहे. एक प्रत दुकानाच्या काचेवर लावण्यासाठी, एक विभागाच्या सूचनाफलकासाठी. माझे मरण त्यासाठी आवश्यक नाही, दोन्ही उद्याच जातील.

कलम पाचवे. जड लेन्स आणि ट्रायपॉड भाचीला. तिचे खांदे मजबूत आहेत. ससाण्यांच्या नोंदींच्या अकरा वह्याही तिला; यंदाच्या पिल्लांची नोंद शेवटच्या वहीत आहे. त्या पुढे चालू ठेवाव्यात ही अट नाही, विनंती आहे. यात कायद्याने फरक पडतो असे खालच्या मजल्यावरचे वकील म्हणतात.

कलम सहावे. हलकी लेन्स माझ्या धाकट्या बहिणीला. दोन वर्षांपासून तिचा हात कापतो, असे भाची सांगते. ही लेन्स अशाच हातासाठी बनवली आहे. बटण चालू ठेवून ती नुसती हातात धरावी.

(कलम सहावे खोडले आहे. खोडल्याजागी माझी सही आहे. कारण पुढे.)

वरचे सर्व परवा लिहून झाले. आज सकाळी सह्यांसाठी वकील आणि डॉक्टर आले. दुसरा साक्षीदार भाची आणणार होती. तिने आईला आणले. मला विचारले नाही.

धाकटी दम खात दारात उभी राहिली. "सही कुठे करायची तेवढं सांग. पुन्हा उतरायचंय मला."

वकील म्हणाले, "यांच्या नावे काही असेल तर यांना साक्षीदार होता येणार नाही."

"माझ्या नावे काही नसणार," धाकटी म्हणाली. "आणा पेन."

मी म्हटले, "आधी वाच."

तिने चष्मा लावला आणि उभ्यानेच वाचायला घेतले. सहा पाने, मार्जिनमधल्या दुरुस्त्यांसह. आठवीची ओळ आली तेव्हा ती थांबली, पण मान वर केली नाही. डॉक्टरांनी दोनदा घड्याळ पाहिले. मी त्यांच्याकडे एकदा पाहिले. मग त्यांनी पाहिले नाही.

वाचून झाल्यावर ती म्हणाली, "अकरावं पान नव्हतं. नववं होतं."

"बरं."

"आणि मेल्यावर देणार? तोवर पिल्लं उडून जातील."

मी लेन्स कॅमेऱ्याला लावून तिच्या हातात दिली. तिचा हात खरोखरच कापत होता, माझ्या कल्पनेपेक्षा जास्त. तिने डोळा लावला. तिच्या पाठीमागे मी, भाची, एक वकील आणि एक डॉक्टर असे चार जण एका स्वयंपाकघरात उभे होतो.

"ताई," ती म्हणाली, "पिल्लू श्वास घेतंय गं. छाती वरखाली होतेय. एवढ्या लांबून."

मग तिने डोळा न काढता डावा हात मागे केला, आणि मी तो धरला.

तेव्हा हलकी लेन्स आज, मी जिवंत आणि शुद्धीत असताना, हाती दिली आहे व ती स्वीकारली गेली आहे. या मृत्युपत्रान्वये धाकटीला काहीही मिळत नाही. सबब ती साक्षीदार होण्यास पात्र आहे, असे वकिलांचे मत आहे. वकिलांना डोळे पुसायला रुमाल मी दिला. तो त्यांनी धुऊन परत करावा.

सही करणारी: मोठी बहीण

साक्षीदार पहिला: समोरचे डॉक्टर (रविवारची वेळ दुरुस्त करतो, असे त्यांनी कबूल केले आहे)

साक्षीदार दुसरी: धाकटी बहीण, सहाही पाने वाचून

ठिकाण: स्वयंपाकघर, तिसरा मजला

दिनांक: चौदा मार्च. सहीखालची तारीख साक्षीदाराने स्वतः घालायची असते. पण धाकटी सही करून लगेच खिडकीशी गेली आहे आणि हाक मारली तरी येत नाही, म्हणून ती मी घातली आहे.